वर्षानं फोडायचा ठोकळा

उभं आयुष्य मी काँक्रीट फोडण्याचा पगार घेतला. बांधणारे वेगळे. त्यांच्या नावाची कोनशिला बसते, उद्घाटनाला त्यांना फेटा बांधतात. आमच्या वाट्याला येतो तो खडीचा ढीग आणि शर्टावरची धूळ. नांदेडच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी काँक्रीट शिकवायचो आणि त्याची प्रयोगशाळा सांभाळायचो. लग्न ठरवायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "प्राध्यापक म्हणजे दिवसभर नेमकं काय करता?" मी खरं ते सांगितलं. त्यांनी मुलीकडे अशा नजरेनं पाहिलं, की बाई, अजून वेळ गेलेली नाही.

तुमच्यापैकी बहुतेकांचा या धंद्याशी संबंध नसणार, म्हणून थोडं सांगतो. सिमेंट, वाळू, खडी आणि पाणी कालवलं की काँक्रीट होतं. ते किती वजन पेलेल हे नुसतं बघून कळत नाही, कितीही चष्मा पुसला तरी. म्हणून त्याच मालातून वीतभरापेक्षा थोडे लहान असे चौकोनी ठोकळे ओतायचे, ते पाण्याच्या टाकीत बुडवून ठेवायचे आणि ठरलेल्या दिवशी काढून यंत्राच्या दोन जाड पोलादी तबकांमध्ये दाबायचे. तबकडीवरचा काटा चढत जातो. ठोकळा आधी कुरकुरतो, मग फुटतो. फुटला तेव्हा काटा कुठं होता ते लिहायचं. झालं आमचं विज्ञान.

हे विज्ञान लोकांना मोठं सोयीचं वाटतं. एक ठेकेदार आमच्याकडे नेहमी ठोकळे घेऊन यायचे. काय ते ठोकळे! गुळगुळीत, कोरीव, नुकतीच हळद लागल्यासारखे तुकतुकीत. यंत्राला ते फोडताना घाम फुटायचा. मी एकदा म्हणालो, "शेठ, तुमचा पूल एवढ्या मालाचा असेल तर मी माझं घर त्यावर बांधतो." ते हसले आणि चहा मागवायला लावला, आमच्याच खर्चानं. मी प्रमाणपत्रावर सही केली, कारण समोरचा ठोकळा खरंच दणकट होता. विद्यार्थ्यांना मात्र दर वर्षी सांगायचो, की ठोकळा पास झाला म्हणजे तो ठोकळा पास झाला. पुलाचं पुलाला विचारा. मुलं हे वहीत लिहून घ्यायची आणि परीक्षेत विसरायची.

अश्विनी बिराजदार विसरली नाही. ही निलंग्याच्या अलीकडच्या एका खेड्यातली मुलगी, लिंगायत शेतकऱ्याच्या घरची, माझ्याकडे पीएच.डी. करायला आली. विषय स्वतःच घेऊन आली होती, उसाच्या चिपाडाची राख. साखर कारखान्यात बॉयलरखाली चिपाड जाळतात आणि उरलेली राख कुठंतरी नेऊन ओततात. वारं सुटलं की ती आसपासच्या गावांच्या डोळ्यांत जाते. तीच राख नीट जाळलेली असेल, चाळून दळून घेतली, तर सिमेंटचा काही भाग वाचवते. सिमेंट बनवताना भट्ट्यांचा धूर होतो, तेवढा धूर कमी. सध्या देशभरातल्या विद्यापीठांत यावर काम चाललंय. कुणी राखेत, कुणी जुन्या पाडकामाच्या खडीत, कुणी प्लास्टिकमध्ये हात घातलाय. माझी बायको म्हणते, "तुम्ही लोक उकिरड्यावर डॉक्टरेट करून राहिलात." म्हणणं अगदीच चुकीचं नाही.

या राखेचा एक स्वभाव आहे. ती सुस्त आहे. सिमेंट महिनाभरात आपली बरीच ताकद दाखवून मोकळं होतं. राखेचं तसं नाही, ती सिमेंटनं मागं सोडलेल्या चुन्याशी हळूहळू जमवून घेते आणि तिची खरी ताकद नंतर कळते. आमच्या खात्यातले काही सहकारी असेच होते, पण ते जाऊ द्या. म्हणून अश्विनीनं काही ठोकळे महिन्यानं फोडले, काही तीन महिन्यांनी, आणि काही पूर्ण वर्षानं फोडायचे म्हणून प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली ठेवले. प्रत्येकावर लाल ऑइलपेंटनं मिश्रणाची खूण घातली.

त्या ठोकळ्यांवर नुसती पदवी अवलंबून नव्हती. अश्विनीचे वडील, सगळे त्यांना अप्पा म्हणतात, लातूरच्या भूकंपाच्या पहाटेपासून पत्र्याखाली राहतात. त्या पहाटे त्यांच्या घराचं माळवद बसलं. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचा ढीगभर थर. त्यात त्यांचा थोरला भाऊ गेला. पुढं मदतीचे पैसे आले, गावात बंगले झाले, पण अप्पांनी डोक्यावर जड काही घेतलं नाही. त्यांचं साधं गणित होतं, "पत्रा पडला तर टेंगूळ येतंय, स्लॅब पडला तर मानूस जातंय." माझ्याकडे आलेख होते, त्यांच्याकडे भाऊ नव्हता.

आता उन्हाळ्यात तो पत्रा कसा तापतो हे मराठवाड्यात राहणाऱ्याला सांगायला नको. अश्विनीच्या आईला, ती तिला अव्वा म्हणते, गेल्या काही वर्षांत दुपारी घेरी यायला लागली. दोनदा निलंग्याच्या दवाखान्यात सलाईन लावून आणलं. पोरीनं हट्ट धरला, की घर बांधू, मी सांगते तसं, कोपऱ्याकोपऱ्यात उभे गज, पायाला, दारांच्या डोक्यावर आणि छताला काँक्रीटचे पट्टे, भूकंपात सगळं एकजीव राहील असं. अप्पा म्हणाले, "तुझ्या त्या राखेचा ठोकळा वर्षानं किती धरतोय ते दाव. मंग बघू." हे अप्पांचं 'बघू' तिनं कागदावरच्या सहीसारखं धरून ठेवलं होतं.

आणि इथं आमच्या महाविद्यालयाची एक जुनी रीत आडवी आली.

फोडून झालेले, किंवा जास्तीचे ओतलेले ठोकळे कुणाच्या कामाचे नसतात. म्हणून ते घरी न्यायचे. ही चोरी नव्हे, प्रथा. आमच्या कुठल्याही कर्मचाऱ्याच्या घरी जा, एखादा ठोकळा सापडणारच. दाराला अडण म्हणून, कपाटाच्या पायाखाली, तुळशीला कठडा, धुण्याचा दगड. बदली झालेली माणसं घरसामानाच्या ट्रकमध्ये ठोकळे घालून नेताना मी पाहिली आहेत. निरोप समारंभात शाल मिळो न मिळो, ठोकळा मिळतो.

वर्ष भरत आलं आणि तपासणी समिती येणार असं ठरलं. मी लातूरला प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचा परीक्षक म्हणून गेलो होतो, अश्विनी काही कामानं विद्यापीठात. मागं विभागप्रमुखांनी फर्मान काढलं, की प्रयोगशाळा आरशासारखी दिसली पाहिजे. प्रयोगशाळेचे मदतनीस गौसभाई हुकमाचे पक्के. त्यांनी कोपरा आरशासारखा केला.

मी परत आलो तर अश्विनी रिकाम्या कोपऱ्यासमोर उभी. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. "सर, वर्ष गेलं," एवढंच म्हणाली. गौसभाई बाजूला टोपी चुरगाळत होते.

"साहेब, मला वाटलं फालतू सामान हाय. लोक मागू लागले, देऊन टाकलं. खुदा कसम, एक बी विकला नाही."

"गौसभाई, विकले असते तर पावती तरी मिळाली असती," मी म्हणालो.

नवीन ठोकळे ओतायचे म्हणजे आणखी एक वर्ष. विद्यापीठ मुदत देईना, आणि अव्वाला आणखी एक उन्हाळा पत्र्याखाली. म्हणून आम्ही ठरवलं, की जिथं जिथं गेले तिथून परत आणायचे. गौसभाईंच्या मुलाचा ऑटो घेतला आणि अभियांत्रिकीच्या इतिहासातली पहिली वसुली मोहीम नांदेडच्या गल्ल्यांतून निघाली.

पहिले काही गौसभाईंच्याच घरी निघाले, पाण्याच्या ड्रमखाली. ते काढेपर्यंत त्यांच्या बेगमनं आम्हाला चहा पाजला आणि नवऱ्याला जे सुनवायचं ते आमच्यादेखत सुनावलं. कार्यालयातल्या एका मॅडमकडे दोन सापडले, तुळशीपुढं, गेरू लावून वर पांढरी रांगोळी काढलेले. त्या म्हणाल्या, "सर, दुसरे कुठले देता येणार नाहीत का? हे शोभतात." ग्रंथपालांच्या न्हाणीघरात एक होता, साबणाच्या पाण्यानं गुळगुळीत झालेला. त्यांनी तो दिला, पण बदल्यात दगड आणून द्यायचं कबूल करून घेतलं. सगळ्यांत अवघड घर विभागप्रमुखांचं. स्वच्छतेचं फर्मान काढणारे हेच. आम्ही बेल वाजवली, वहिनींनी आत बोलावलं, आणि स्वयंपाकघरात पाहतो तर दही टांगून झाल्यावर फडक्यातल्या चक्क्यावर दाबायला आमचा ठोकळा ठेवलेला. लाल खूण वर. विभागप्रमुख सोफ्यावरून म्हणाले, "हा तुमचाच आहे असं कशावरून?" अश्विनीनं खूण दाखवली. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि वहिनींना श्रीखंड द्यायला सांगितलं. श्रीखंड घट्ट झालं होतं, हे मी तज्ज्ञ म्हणून सांगतो.

बहुतेक ठोकळे मिळाले. एक राहिला. आणि नेमका तो, ज्या मिश्रणातून तिला घराचा स्लॅब घालायचा होता त्यातला. गौसभाईंनी बराच वेळ डोकं खाजवलं आणि मग म्हणाले, "ताई, तुमचे अब्बा आले होते ना त्या दिवशी. तुरीची डाळ घेऊन. तुम्ही नव्हत्या. खाली हात कसं पाठवायचं? म्हणलं पोरीच्या हातचा हाय, घेऊन जा."

म्हणजे आठेक किलोचा ठोकळा पिशवीत घालून अप्पा नांदेडहून लातूर, लातूरहून निलंगा असे एसटीनं गेले होते, आणि पोरीला फोनवर एक शब्द बोलले नव्हते.

आम्ही दोघं त्यांच्या गावी गेलो. पत्र्याच्या घरासमोर अंगणात अप्पा उकिडवे बसले होते आणि ठोकळा त्यांच्यासमोर. शेजारी दगड फोडायचा घण. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात बंडी. आम्हाला बघून त्यांनी घण हळूच मागं सरकवला, पण उशीर झाला होता.

"अप्पा, हे काय करून राहिलाव?" अश्विनीनं विचारलं.

"तपासून राहिलो, माय," अप्पा म्हणाले. "पत्र्यावरनं टाकून बगितला. कडकडीत पाणी वतलं. रोज दोन घण घालतो. लई चिवट हाय." मग माझ्याकडे वळून, थोडं ओशाळून, "कोपरा तेवढा उडाला सर."

मी मास्तर. माझा जीव त्या उडालेल्या कोपऱ्यात अडकला. म्हणालो, "अप्पा, नमुना खराब केलात तुम्ही. यंत्रात दाबायला बाजू सपाट लागतात."

"तुमची तपासणी मशिनीत व्हतीय," अप्पा म्हणाले. "माझी इथंच व्हनार, सर. खाली मीच झोपनार हाय."

अव्वानं ताक आणून दिलं. ती पदरानं वारा घेत होती, आणि पत्रा डोक्यावर तडतडत होता. अश्विनी म्हणाली, की ठोकळा नांदेडला न्यायचाय, फोडून बघायला. अप्पांनी तो उचलून मांडीवर घेतला. "मोडायसाटीच न्हेता व्हय? मंग मी बी येतो."

आणि आले. स्वच्छ धोतर, टोपी, मांडीवर पिशवी. बसमध्ये वाहकानं विचारलं, आत काय हाय. अप्पा म्हणाले, "पोरगीचं डॉक्टरेट."

प्रयोगशाळेत गौसभाईंनी त्यांना खुर्ची दिली, पण ते बसले नाहीत. अश्विनीनं तुटक्या कोपऱ्याची बाजू बाहेर ठेवून ठोकळा तबकांमध्ये बसवला. बाकीचे तिनं दोन दिवसांत फोडले होते, सगळे बऱ्यापैकी वर गेले होते, चक्क्याचा सुद्धा. पण वडील बघत होते तो हा एकच. तिनं यंत्र सुरू केलं. काटा चढू लागला.

तिनं तबकडीवर एक खूण दाखवली. "अप्पा, आपल्या स्लॅबला लागतं ते एवढं."

काटा खुणेपर्यंत आला. खूण ओलांडली. अप्पांचा हात यंत्रापुढच्या संरक्षक जाळीवर. पुढं गेला. मी म्हणालो, "उसानं भरलेले दोन ट्रक ठेवलेत आता त्याच्यावर, अप्पा." पुढं गेला. "तिसरा ठेवतोय." ठोकळ्यातून बारीक कुरकुर आली. ऐकून माहीत असलेल्याला ती कुरकुर कळते, आता थोडंच राहिलं. उभी एक केसासारखी भेग तुटक्या कोपऱ्याकडून निघाली.

"बास," अप्पा म्हणाले. आवाज चिरका झाला होता. "बास कर माय. थांबव."

त्या प्रयोगशाळेत चाचणी अर्ध्यात थांबवायची नसते. ठोकळा फुटल्याशिवाय आकडा नाही, आणि आकड्याशिवाय चाचणी नाही. हे मी तिला पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. मी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात तिनं वडिलांकडे पाहिलं. अप्पा ठोकळ्याकडे बघत नव्हते. डोळे मिटून जाळीला धरून उभे होते, आणि मला वाटलं त्यांना ते माळवद ऐकू येत असावं. अश्विनीनं हात पुढं करून दाब सोडायची झडप उघडली. काटा खाली आला. कुरकुर थांबली. ठोकळा उभाच होता.

मी प्रयोगशाळेच्या नोंदीत लिहिलं, "चाचणी अपूर्ण." असं लिहायची माझ्यावर दुसरी वेळ आली नाही. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, उलट मी गौसभाईंवर उगाच खेकसलो की पंखा लावा.

प्रबंधात तिनं सगळं सरळ लिहिलं. कुठला ठोकळा कुठल्या घरी होता, न्हाणीत की तुळशीपुढं, आणि म्हणून हे आकडे नियमित नमुन्यांसारखे धरू नयेत. एक ठोकळा तपासता आला नाही, हेही. बाहेरून आलेले परीक्षक इतर प्रकरणांवर चार प्रश्न विचारून थांबले आणि चक्क्याच्या ठोकळ्यावर मात्र बराच वेळ रमले. पदवी मिळाली. प्रबंध आता ग्रंथालयात आहे. तो कुणी काढून वाचला असेल असं मला वाटत नाही. आमच्या धंद्याची ही खंत आहे. रस्ते वेगानं होतात, पूल होतात, राख अजून वाऱ्यावर उडते, आणि आमचे निष्कर्ष कपाटात नीट सुरक्षित राहतात, फार तर ग्रंथपाल त्यांना आधार म्हणून एखादा ठोकळा लावतात.

पण घर झालं. कोपऱ्यांत गज, पायाला पट्टा, दारांवर पट्टा, छताला पट्टा, आणि राखेच्या काँक्रीटचा स्लॅब. प्रत्येक बादली अश्विनीनं स्वतः उभी राहून मोजून घातली. गृहप्रवेशाला मी गेलो. अव्वा आतल्या खोलीत पंख्याखाली बसली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होती, "हात लावून बगा, भिंत गार हाय." पुढं पत्र्याचा एक वळचणीसारखा भाग अप्पांनी राहू दिला होता. जेवणं झाल्यावर ते मला दुपारी टेकायची जागा दाखवायला घेऊन गेले, आणि मी त्यांची खाट पाहिली.

खाट दारात होती. अर्धी आत, अर्धी बाहेर. पायथा स्लॅबखाली, उशी पत्र्याखाली. बाहेरची जमीन उतरती, म्हणून उशीकडच्या दोन पायांखाली आधार दिला होता. एकाखाली विटा आणि दुसऱ्याखाली आमचा ठोकळा, भेगेसकट, लाल खुणेसकट.

मी हसू दाबायचा प्रयत्न केला आणि जमला नाही. "अप्पा, हे काय?"

"पाय दिलेत की तुमच्या संशोधनाला," अप्पा गंभीरपणे म्हणाले. "डोकं सावकास देतो."

अश्विनी मागं उभी होती. तिनं कपाळावर हात मारला, पण मला दिसलं, ती सुखावली होती. पायसुद्धा कुणी सहज देत नाही, हे तिला माहीत होतं.

त्यानंतर मी निवृत्त झालो. शाल मिळाली, नारळ मिळाला. गौसभाईंनी ठोकळा देऊ का म्हणून विचारलं, मी हात जोडले.

मागच्या पावसाळ्यात एक दिवस दारात ऑटो थांबला. एसटीच्या पार्सलनं नांदेडच्या स्थानकावर काहीतरी माझ्या नावानं आलं होतं आणि ते उचलताना ऑटोवाल्याच्या कमरेत चमक भरली होती. गोणपाटात शिवलेला जड ऐवज. उसवलं तर तोच ठोकळा. वर खाटेच्या पायाचा गोल डाग पडलेला. मी अश्विनीला फोन लावला. ती म्हणाली, "अप्पाच बोलतात म्हणत्यात," आणि फोन त्यांच्याकडे गेला.

"सर, पोचला का?" अप्पा म्हणाले. "खाट समदी आत घेतली. फरशी सपाट हाय, आता ह्याची गरज न्हाई. तुमचं काम अर्धं राहिलं व्हतं, माझ्यापायी. आता फोडा."

मी बरं म्हणालो. महाविद्यालय घरापासून फार लांब नाही, गौसभाई अजून नोकरीत आहेत, यंत्र चालू आहे. पण ते काही माझ्याच्यानं झालेलं नाही. सध्या ठोकळा आमच्या पुढच्या दाराला लावलाय, वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून. बायको येताजाता त्याला ठेचकाळते आणि विचारते, हा नेमका कधी फोडणार? मी म्हणतो, बघू.